खोटे नाव सांगणारा डोंगल

मित्रांनो, मला ओळखायला तुम्ही चुकाल, आणि त्यात तुमचा दोष नसेल. मी एक जुना, अंगठ्याच्या पेराएवढा वायफायचा डोंगल आहे. संगणकाच्या खाचेत मला खोचले की हवेतले इंटरनेट पकडून मी संगणकाला देतो. एवढेच माझे काम. सध्या मी टेबलाच्या खालच्या खणात, वाळलेली पेने आणि एक मोडका स्टेपलर यांच्या शेजारी पडून आहे. मी बिघडलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. खणात पडलेल्याला सगळे बिघडलेलाच समजतात.

माझा जन्म कारखान्यातला. लांब टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझ्या पोटात चिप बसवली, शेजारणीने वरून काळे कवच दाबले. तिथेच मला एक खोटे शिकवले गेले. कोणत्याही संगणकात गेलो की आधी ‘मी डिस्क आहे’ असे सांगायचे. त्या डिस्कमध्ये, संगणक चालवणाऱ्या विकतच्या सिस्टीमसाठी एक प्रोग्रॅम भरून ठेवला होता. ती सिस्टीम तो चालवणार, मग मी डिस्कचे सोंग टाकणार आणि वायफाय सुरू करणार, अशी मालकांची युक्ती. बाकीच्या सिस्टीमचे काय, याचा विचार कुणी केला नाही. खोक्यावर मात्र ठळक छापले, ‘सर्व संगणकांवर चालतो’. करणारे करून मोकळे झाले, निस्तरायला राहिलो मी.

मला विकत घेतले ते शाळेत गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी, आपल्या थोरल्या बहिणीसाठी. ही थोरली, म्हणजे ताई, घरी बसून मुद्रिते तपासायची. छापखान्यातून पाने यायची, ताई त्यांतल्या चुका काढून परत पाठवायची. तिच्या म्हाताऱ्या संगणकाला नवी विकतची सिस्टीम झेपेना, म्हणून धाकटीने त्यावर मुक्त सिस्टीम घातली होती. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, कुणीही वापरावी अशी. “ताई, हा आता आणखी दहा वर्षं मरत नाही बघ,” ती म्हणाली होती. इंटरनेटची वायर तेवढी दारात चेमटून तुटली होती. तिच्या जागी मी आलो.

धाकटीने मला खोचले. ती सिस्टीम बिचारी भोळी. मी डिस्क म्हटले, तिने डिस्क मानले. पडद्यावर डिस्कचे चित्र आले आणि वायफायचा मात्र पत्ता नाही.

दोन दिवस दोघी माझ्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. धाकटी कुठून कुठून वाचून लांबलचक आज्ञा टाइप करायची आणि ताई तिच्या खुर्चीमागे उभी राहून त्यांतल्या चुका काढायची. “इथं एक टिंब राहिलंय.” “ताई, हे काय तुझं मुद्रित आहे का!” पण ते टिंब खरेच राहिलेले असायचे. खरे सांगू? मला चालवायला लागणारे सगळे त्या सिस्टीममध्ये आधीपासून होते. कुणा अनोळखी माणसाने ते फुकट लिहून ठेवले होते. अडले होते फक्त माझ्या सोंगावर. डिस्कच्या चित्राशेजारी ‘बाहेर काढा’ असे बटण होते. त्याला दोघी हात लावायला तयार नव्हत्या.

“ते नको गं दाबूस,” ताई म्हणायची. “आहे तेही जायचं.”

शेवटी धाकटी वैतागली. “जाऊ दे, दुकानात परत देऊ याला,” असे म्हणून तिने ते दाबले. डिस्क गेली, माझा निळा दिवा लागला आणि पडद्यावर घरच्या वायफायचे नाव आले.

“अगं, सोंगाड्या आहे हा!” ताईने टाळीच वाजवली. तेच माझे नाव पडले.

धाकटी म्हणाली, “दोन ओळी लिहून ठेवते, म्हणजे हे आपोआप होईल.”

“राहू दे. मी दाबीन रोज सकाळी. तेवढाच आमचा रामराम.”

मित्रांनो, तीन वर्षे तो रामराम चुकला नाही. ताई चहाचा कप ठेवायची, बटण दाबायची आणि मी कामाला लागायचो. शाळेची पुस्तके, औषधांची माहितीपत्रके, कुणाचे तरी जाडजूड आत्मचरित्र, सगळे माझ्यातून गेले. फोनवर ती अभिमानाने सांगायची, “माझ्या सोंगाड्यानं आजवर एक पान अडवलं नाही.” हे ऐकून मला किती बरे वाटायचे!

मग छापखान्याने सहा खंडांचा शब्दकोश काढायचे ठरवले. ताईचे सगळे आयुष्य अशा एका कामाची वाट पाहण्यात गेले होते. व्यवस्थापकांची अट एकच, घरची यंत्रणा भरवशाची हवी. ती तपासायला ते स्वतः संगणकाच्या मेकॅनिकला घेऊन सकाळीच आले. ताईने अजून बटण दाबले नव्हते. मेकॅनिक तिच्या खुर्चीत बसला, संगणक सुरू केला आणि हसला.

“बाई, ही तर नुसती डिस्क आहे. कुणी दिली तुम्हाला?”

“बहिणीनं.”

“दुकानदारानं टोपी घातली त्यांना. यावर इंटरनेट चालणं शक्यच नाही.”

ताईचा हात माऊसकडे आला. मी वाट पाहत होतो. एक बटण, फक्त एक!

तेवढ्यात दारातून व्यवस्थापक म्हणाले, “बाई, असल्या जुगाडावर आम्ही कोश सोपवायचा का?”

ताईचा हात मागे गेला. खाली बघत ती म्हणाली, “मला त्यातलं काय कळतंय? फसवलं असेल कुणीतरी.”

मेकॅनिकने मला उपटून टेबलावर टाकले. “उद्या शिपायाबरोबर नवा पाठवतो.” व्यवस्थापकांनी मान हलवली आणि कोश ताईचा झाला. ताईने मला खणात ठेवले. ठेवताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

तिची अडचण मला समजते. तरीही सांगतो, मला फार लागले. मेकॅनिक परका होता, त्याला माहीत नव्हते. तिला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी नवा डोंगल आला. तिने तो खोचला. मग ती पुटपुटली, “अगंबाई, हाही डिस्कच!” तोही माझ्याच जातीचा निघाला होता. लगेच माऊसचा टिक असा आवाज झाला आणि काम सुरू झाले.

दुपारी धाकटीचा फोन आला. “हो गं, नवा लगेच चालला,” ताई म्हणाली. “काही करावंच लागलं नाही.” मग धाकटीने माझ्याबद्दल विचारले असावे. “सोंगाड्या? तो बिघडला.”

मला खोटे बोलायला कारखान्यात शिकवले होते. ताई तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत आली होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा असा खण असेल. त्यातल्या वस्तू एकदा लावून पाहा. पहिल्या उत्तरावर जाऊ नका, ते कदाचित दुसऱ्याने पढवलेले असेल. नकोच असेल ती वस्तू तर ज्याला हवी त्याला देऊन टाका. पण जिने तुमचे एकही पान अडवले नाही, तिला बिघडली म्हणू नका.