कड्याआडचे आकडे

गुरुवारी दुपारी रोविना बेकरीतले लॅमिंग्टन केक घेऊन शेडमध्ये शिरली, तशी आतली बोलणी तुटली. तिच्या वडिलांनी, लिंडसेंनी, पुढ्यातल्या, गाडीतून काढलेल्या मीटरवर झटकन फडकं टाकलं. समोर बसलेला त्यांचा जुना दोस्त डेस पास्को छताकडे बघू लागला.

"बरी आलीस," डेस म्हणाला. "बापाला समजाव जरा. वीस हजार मैल कमी दाखवले तर कुणाचं काय जातंय?"

"आधी ते दार लाव गं," लिंडसे म्हणाले. "आणि ह्या म्हाताऱ्याला एकच केक दे. सकाळपासून ठाण मांडून बसलाय."

दोघे हसले. रोविनाही हसली, पण तिची नजर फडक्यावरून हलली नाही.

कॅसलमेन गावात जुन्या गाड्यांचं वेड घरोघरी. लिंडसे चाळीस वर्षं त्या गाड्यांच्या मीटरवरच्या काचा बदलत आले होते. तडकलेली काच काढायची तर भोवतीचं धातूचं कडं थोडं थोडं करून उकलावं लागतं, आणि कडं उकललं की मैल दाखवणारी आकड्यांची चाकं थेट बोटाखाली येतात, हवी तशी फिरवता येतात. शाळेत मुली रोविनाला 'आकडेफिरव्याची पोर' म्हणत. तिने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाही आणि घरी येऊन कधी विचारलंही नाही. फक्त बघत राहिली. घरात नवी सायकल आली तरी पैसा कुठला, म्हणून ती आधी वडिलांच्या तोंडाकडे बघे.

शनिवारी सकाळी लिंडसे गेले. कामाच्या टेबलाशीच, हृदय बंद पडून.

दफनानंतर चौथ्या दिवशी डेस आपल्या गाडीचं मीटर न्यायला आला. टेबलावर ते तयार होतं. नवी काच, तिच्याखाली ४१,३६८ मैल.

"रविवारी माणूस येतोय गाडी बघायला," डेस म्हणाला. "इतकी कमी चाललेली होल्डन शोधून सापडायची नाही. दे, बसवून टाकतो."

"उद्या या, डेसकाका."

"का? झालंय की."

"मला एकदा बघायचंय."

"तुला? तू तर बापाच्या हत्यारांना कधी बोटसुद्धा लावलं नाहीस."

"आता लावते."

डेसची ती गाडी बावीस वर्षं एका कोठारात, छपरातल्या काचेखाली उभी होती. तेवढी वर्षं ऊन खाऊन मीटरच्या खिडकीतले आकडे पिवळे पडणार आणि चाकांवरचे आत दडलेले पांढरे राहणार, हे तिने वडिलांकडून जेवताना कितीदा तरी ऐकलं होतं. चाकं मागे फिरवली असली, तर पिवळे आकडे आत कुठेतरी वेडेवाकडे लपलेले सापडतील. बाहेरून काही कळत नव्हतं. तुलनेला त्याच चाकांवरचे आत दडलेले आकडे दिसायला हवे होते.

कडं सैल करायला तिला दोन तास लागले. एका जागी खाच पडली. काच उचलून बाजूला ठेवते तोच वाऱ्याने दार ढकललं, उन्हाळ्याची धूळ आत आली, आणि काही विचार न करता तिने झटकन मीटरवर फडकं टाकलं.

त्या गुरुवारी ती दारातून आत आली तेव्हा बाबांनीही अगदी असंच टाकलं होतं.

तिने दार लावलं, फडकं काढलं आणि भिंग धरलं. चार, एक, तीन. तिन्ही आकडे चहाच्या डागासारखे पिवळे, एका ओळीत, जागच्या जागी. वरचे-खालचे पांढरे. शेवटची दोन चाकं तेवढी पुढे सरकली होती, कोठारापासून गावापर्यंत गाडी चालवत आणली तितकीच.

सकाळी डेस आला. मीटर उन्हात फिरवून बघताना त्याचा अंगठा खाचेवर अडला.

"हे लिंडसेचं काम नाही. उघडलंस तू?"

"हो."

"कशाला गं? इतकं सुरेख बसवलं होतं त्याने."

रोविनाने टेबलाची कड धरली.

"बाबांनी आकडे फिरवलेत का ते बघायला. तीस वर्षं मला ते लबाड वाटत होते, डेसकाका. आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही."