चरनीतला न

कमलाबाई मेश्राम चौथी पास होत्या आणि ही गोष्ट त्या कोणाला सांगायला विसरत नसत. पोराची सोयरीक ठरवताना सांगितली, रेशनच्या लाइनीत सांगितली, दवाखान्यात कार्ड काढणाऱ्या पोराला तर त्यानं न विचारता सांगितली. त्यांच्या बरोबरीच्या किती बायका आजही अंगठा लावतात, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मुलगा अमरदीप चरोद्याच्या यार्डात मालगाडीचे डबे तपासायचा. सून प्रेरणा लोकलनं दुर्गला जाऊन नर्सची ड्यूटी करायची. नवरा जानराव भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनमधून रिटायर झाल्यापासून ऊन जिकडे सरकेल तिकडे खुर्ची सरकवायचे. मग तिसरीतल्या उन्नतीची डायरी वाचायला रेल्वे क्वार्टरात राहिलं कोण? कमलाबाईच. सुनेला वाचता येत नव्हतं असं नाही, तिला वाचू दिलं जात नव्हतं.

शाळा भिलाईतली, सिस्टरांची. शिकवणं इंग्रजीत, पण घरी येणाऱ्या चिठ्ठ्या हिंदीत. डिसेंबरच्या आठ तारखेला शाळेची व्हॅन परत आली तेव्हा उन्नती आत झोपूनच होती. जानरावांनी तिला उचलून खाटेवर टाकलं. कमलाबाईंनी रोजच्यासारखा चष्मा लावला, डायरी उघडली आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

‘प्रिय अभिभावक, आपकी बेटी उन्नति को इस वर्ष चरनी के लिए चुना गया है। कृपया अपनी सहमति लिखकर भेजें। सिस्टर अनिमा.’

कमलाबाईंनी दुसऱ्यांदा वाचलं. बोट ‘चरनी’वरच थांबलं.

आता त्यांच्या तोंडात बाणाचा ण कधी राहायलाच आला नव्हता. पाणी पानी, लोणी लोनी, वेणी वेनी. चौथीच्या गुरुजींनी छड्या मारून पाहिल्या, पण ण काही वस्तीला थांबला नाही. त्यामुळे चरनी म्हणजे काय, हे त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. चरनी म्हणजे चरणी. कोणाच्या तरी पायाशी.

त्या घरात पाया पडणं नव्हतं. नवी नवरी म्हणून आलेली प्रेरणा वाकायला लागली तेव्हा कमलाबाईंनी तिला दोन्ही दंडांना धरून सरळ केलं होतं. “उभी राय. तोंडाकडे पाहून जयभीम म्हन.” त्यांचा बाप पाटलाकडे सालदार होता. त्या बापाला कमलाबाईंनी इतक्या वेळा वाकलेला पाहिला होता, की त्याचा चेहरा आठवायचा तर आधी पाठ आठवायची. दोनच दिवस आधी, सहा डिसेंबरला, विहारात बायकांपुढे उभं राहून त्या हेच बोलल्या होत्या. टाळ्याही पडल्या होत्या. आणि इथं लेकरू निवडलं ते कशासाठी, तर चरनीसाठी!

“वा रे वा,” त्या म्हणाल्या. “फीस आमची अन् चरन तुमचे.”

“काय झालं व?” जानरावांनी उन्हातून विचारलं.

“तुमी बसा.”

त्यांनी पेन घेतला आणि खाली मराठीत, ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘आमची पोरगी कोनाच्या चरनी जानार नाही. पुना विचारू नये. कमला जानराव मेश्राम, आजी.’ लिहून झाल्यावर अक्षर छान आलंय असं त्यांना वाटलं. ते होतंही.

दुसऱ्या दिवशी उन्नती व्हॅनमधून उतरली ती दप्तर कोणाच्या हातात न देता सरळ आत गेली. बूटही काढले नाहीत. कमलाबाई मागोमाग.

“काय झालं व माय?”

“कुछ नहीं.”

“कुछ नहीं म्हनजे बरंच काही. बोल.”

“मेरे को मरियम बनाने वाले थे क्रिसमस के नाटक में. सिस्टर ने आज गुंजन को बना दिया. आपने मना करके लिखा ना.” आणि तिनं उशीत तोंड घातलं.

“मी कावून मना करू? मी तं पाया पडाले मना केलं.”

“पाँव कौन पड़ रहा था?” उशीतून आवाज आला.

“मंग चरनी म्हनजे काय?”

उन्नतीनं तोंड वर काढलं. आजीला काही माहीत नाही असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून ती रडायची थांबली. “अरे आजी, वो लकड़ी का रहता है ना. गाय जिसमें चारा खाती है. उसमें छोटे येशू को सुलाते हैं. मरियम बाजू में बैठती है. सबसे सामने.”

कमलाबाई खाटेच्या काठावर टेकल्या. गव्हाण! पाटलाच्या गोठ्यातल्या आठ गव्हाणी त्यांनी नऊ वर्षांच्या असल्यापासून रोज सकाळी झाडल्या होत्या. गव्हाणीची फळी कुठे बैल चाटून गुळगुळीत करतो, ते त्या अजून डोळे मिटून सांगतील. त्या गव्हाणीला हे लोक चरनी म्हणतात, एवढंच काय ते चौथीच्या पुस्तकात नव्हतं.

“मले विचारलं असतं तं?” जानराव दारातून म्हणाले.

“तुमाले ठाऊक होतं?”

“नाही.”

“मंग?”

जानराव पुन्हा उन्हात गेले.

रात्रपाळी करून आलेल्या सुनेनं सकाळी सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवत ती हळूच म्हणाली, “आई, मी सिस्टरले फोन करू का? सांगते का चुकून लिवलं गेलं म्हनून.”

“चुकून? कोनाच्यानं?”

प्रेरणानं कप उचलला आणि धुवायला गेली. त्या घरात शहाणपण टिकवायचं तर ते मोरीत नेऊन टिकवावं लागे.

मग आठवडा गेला. सहामाही पेपर मिळाले, उन्नतीला गणितात अडतीस पडले, कोणी त्यावर बोललं नाही. पोरगी रोज संध्याकाळी डायरी आजीच्या हातात द्यायची, ती आता खाटेवर ठेवून निघून जायला लागली. गाणं मात्र घरात येत होतं. नाटकात मरियमसाठी जे गाणं होतं, ते उन्नतीला अख्खं पाठ होतं. ती ते अंघोळ करताना म्हणायची आणि आजी दिसली की थांबायची. कमलाबाईंना रागवायची सवय होती, कोणी आपल्यावर न बोलता रागावलं तर काय करतात, ते त्यांना येत नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी गाजराचा हलवा केला. उन्नतीनं तो खाल्ला, ताटली धुतली आणि अभ्यासाला बसली.

अठराला छत्तीसगडभर घासीदास जयंतीची सुट्टी होती. त्या दिवशी कमलाबाईंनी कपाटातली पांढरी शाल काढून बाहेर वाळत घातली.

“कोनाचं लगन?” जानरावांनी विचारलं.

“माहं,” त्या म्हणाल्या.

एकोणीसला त्या ऑटो करून शाळेत गेल्या. मैदानात दुसरीची पोरं दोन ओळींत उभी राहून गाणं म्हणत होती, अर्धी सुरात आणि अर्धी शेजाऱ्याच्या सुरात. व्हरांड्यात दोऱ्यांना कागदाचे तारे लावणं चालू होतं. कोपऱ्यात बांबूचा गोठा उभा होता, त्यात पैरा पसरलेला. धानाचं तणस, इकडे सगळे पैरा म्हणतात. मध्ये लाकडाची लहान गव्हाण. कमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पाय फार उंच केले होते. वासरू उपाशी मरेल. पण हे बोलायची ही वेळ नव्हती.

सिस्टर अनिमा ऑफिसात होत्या. जशपूरकडची उराँव आदिवासी बाई, काटकुळी, पांढऱ्या झग्यावर करडं स्वेटर, बोटांना डिंक लागलेला. खुर्च्यांवर आणखी दोन पोरांच्या आया बसलेल्या. त्या उठतील म्हणून कमलाबाई थोडा वेळ थांबल्या. त्या उठल्या नाहीत.

“उन्नति की दादी हैं न आप?” सिस्टर म्हणाल्या. “बैठिए. देखिए माताजी, चिट्ठी का हमने बुरा नहीं माना. हर साल दो-चार घरों से ना आता है. सबका अपना-अपना धर्म है.”

“पयले मेरी सुनो,” कमलाबाई उभ्याच राहिल्या. “बात धरम की नहीं है. मेरे वाचने की है.”

सिस्टरांना ते समजलं नाही. त्यांनी मदत करायचा प्रयत्न केला. “अच्छा, गलती से लिख गया? दादाजी ने लिखा होगा.”

वाट मोकळी करून दिली होती. जानरावांवर घातलं असतं तरी ते बिचारे नाही म्हणाले नसते, चाळीस वर्षांत कधी म्हणाले नव्हते. दोन्ही आया कान देऊन होत्या.

“नहीं. मैंनेच लिखा. नीचे नाव है मेरा.” कमलाबाईंनी शाल सावरली. “आपने चरनी लिखा. मैं समझी, पाँव के पास. चरन. गुस्सा आया, लिख दिया. गलती मेरी, पोरगी की नहीं. मैं चौथी पास हूँ, पन चौथी में ये शब्द नहीं था.”

एक आई फसकन हसली आणि तिनं ते खोकल्यात घातलं. कमलाबाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. खोकलाही थांबला.

सिस्टर हसल्या नाहीत. “हमारे गाँव में तो बैल मिट्टी के नाद में खाते थे,” त्या म्हणाल्या. “चरनी मैंने भी गिरजाघर में ही पहली बार सुना था. मुझे पूछ लेना चाहिए था आपसे.” मग त्यांनी हात जोडल्यासारखे केले. “लेकिन मरियम अब गुंजन है. दस दिन से सीख रही है. उसकी माँ ने नीली साड़ी कटवाकर पोशाक सिलवा ली. अब उससे कैसे लूँ?”

“नको,” कमलाबाई लगेच म्हणाल्या. “उसका मत लो. एक लेकरू रोया, बहुत हुआ.”

इतकं बोलून त्या निघणारच होत्या. सिस्टरांनी बाहेरच्या एका मुलाला पाठवून उन्नतीला बोलावलं आणि थोडं अडखळत सांगितलं, “एक जगह है. पर मालूम नहीं आपको कैसा लगे. गाय है नाटक में. आगे का हिस्सा चौथी वाला चंदन है. पीछे जो लड़का था उसको माता निकल आई है, बुखार में पड़ा है.”

“पीछे मतलब?”

“पिछले पाँव. चादर के अंदर. चंदन की कमर पकड़कर, झुककर रहना पड़ता है.”

“कितना वेळ?”

“पूरा नाटक. बीस-पच्चीस मिनट.”

कमलाबाईंनी तोंड उघडलं. वाकून! पंचवीस मिनिटं, चारशे माणसांपुढे, तोंड चादरीत घालून. नाही हा शब्द त्यांच्या जिभेवर बसलेलाच असायचा, बोलवावा लागत नसे. तेवढ्यात दारात उभी असलेली उन्नती म्हणाली, “मैं करूँगी.”

“तुले समजलं का काय हाय ते?”

“हाँ. गाय का पीछे वाला. मस्त है.”

“थोबाड दिसनार नाही तुहं.”

“मेरे को मालूम है ना आजी.” आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तिनं आजीकडे सरळ पाहिलं. “आप फिर से मना मत करो.”

ऑफिसातला पंखा बंद होता, थंडीचे दिवस. बाहेर दुसरीची पोरं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली. कमलाबाईंनी सिस्टरांपुढचा पेन उचलला. “कुठं लिवू?”

सिस्टरांनी कोरा कागद सरकवला. कमलाबाईंनी लिहिलं: ‘उन्नती गाईचे मागचे पाय होनार. चालते.’ आणि सही केली.

घरी तीन दिवस गाय झाली. कमलाबाई पुढचे पाय, उन्नती मागचे, वर जानरावांची घोंगडी. दाराच्या चौकटीला धडकत दोघी स्वयंपाकघरातून पडवीत यायच्या.

“तशी नाही चालत गाय,” कमलाबाई पुढून ओरडायच्या. “मी पाय उचलला का त्याच जागी तुहा मागचा पडला पायजे. गाईचं पाऊल पावलावर पडते. मी काय उगीच गोठे झाडले?”

“आजी, आप सीधी क्यों खड़ी हो? गाय ऐसी नहीं रहती. झुको ना.”

खुर्चीतून जानराव म्हणाले, “झुका आता.”

गुडघ्यांवर हात टेकून कमलाबाई वाकल्या. घोंगडीखाली त्यांना धाप लागली होती, उन्नतीला हसू आवरत नव्हतं, आणि अशा त्या पडवीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या.

बावीसला कार्यक्रम. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी. मैदानात खुर्च्या टाकल्या होत्या. अमरदीपला रजा मिळाली नाही. प्रेरणा ड्यूटीवरून परस्पर आली आणि मागे उभी राहिली. कमलाबाई आणि जानराव दुसऱ्या ओळीत. पडदा सरकला. निळ्या पोशाखातली गुंजन गव्हाणीशेजारी बसली होती आणि पहिलंच वाक्य विसरली होती. सिस्टर अनिमा बाजूनं ओठ हलवत होत्या. मग गाय आली. डोकं पुठ्ठ्याचं, एक शिंग थोडं कलतं, अंग तपकिरी चादरीचं. पुढचे पाय भलतीकडेच चालले होते. मागचे मात्र एकेक पाऊल नेमकं पुढच्याच्या जागी ठेवत होते.

कमलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

शेजारच्या खुर्चीवर भिलाईच्या सेक्टर-वसाहतीतली एक बाई बसली होती, गळ्यात मोत्याचा सर, हातात मोबाइल. स्टेजवरची गोरीगोमटी परी तिची मुलगी होती. तिनं ते दोनदा सांगितलं. मग शिष्टाचार म्हणून विचारलं, “आपकी वाली कौन है?”

“गाय.”

“अच्छा, वो लड़का!”

“वो नहीं. पीछे के पाँव.”

बाईला वाटलं म्हातारी गंमत करते. तिनं स्टेजकडे पाहिलं, मग कमलाबाईंकडे पाहिलं आणि हसू दाबत विचारलं, “दोनों?”

“दोनों,” कमलाबाई म्हणाल्या. “जरा मोबाइल नीचे करो. दिखता नहीं.”