थॉर्किलचे उजवे मूत्रपिंड

मित्रांनो, मी एक जुने मूत्रपिंड आहे. एरो बेटावरच्या थॉर्किलच्या पाठीत, उजव्या बाजूला माझा मुक्काम. डावीकडे माझा जुळा भाऊ. थॉर्किल आईच्या पोटात होता तेव्हाच आम्ही कामाला लागलो. आजतागायत सुट्टी नाही. रक्त गाळायचे, चांगले ते ठेवायचे, घाण बाहेर धाडायची. हृदय जरा धडधडले की सगळे घर गोळा होते. आमची मात्र कुणी वास्तपुस्त करत नाही!

थॉर्किल जन्मभर बोटीवर राबला. उतारवयात त्याला मधुमेह झाला. रक्तातली जादा साखर प्रथिनांना चिकटते आणि त्यातून एक चिवट कचरा तयार होतो. तो माझ्या नाजूक चाळण्यांत बसू लागला. चाळण्या बिघडल्या, तसा कचरा आणखी साठला. मी अगदी मेटाकुटीला आलो. पण मी सहसा दुखत नाही, मग त्याला कळणार कसे?

कळले ते तपासणीत. लघवीतून प्रथिने जात होती.

"असंच चाललं तर यंत्रावर रक्त शुद्ध करावं लागेल," डॉक्टर सिसेल म्हणाली. "ती सोय आपल्या बेटावर नाही. समुद्रापलीकडच्या शहरात राहायला जावं लागेल."

थॉर्किलचा चेहरा पडला. "मी बेट सोडणार नाही! आणि साखर तर केव्हाच सोडली की. कॉफी कडू पितो, केकला शिवत नाही."

"मग खाता काय?"

उत्तर त्याच्या बायकोने, इंगेलिसने दिले. "फ्रिकाडेला! मांसाचे गोळे, लोण्यात काळेकुट्ट होईस्तोवर तळलेले. वर तव्याची खरवड पावानं पुसून खातो."

"त्यात कुठंय साखर?" थॉर्किल गुरगुरला.

"साखर नाही, पण जादा साखरेनं रक्तात जो कचरा होतो, त्याचे भाऊबंद त्या करपलेल्या खरवडीत असतात," सिसेल म्हणाली. "साखर सोडून खरवड धरलीत. आगीतून फुफाट्यात!"

नव्या गोळ्या सुरू झाल्या. इंगेलिसने तवा लपवला आणि तेच मांसाचे गोळे पाण्यात उकडून वर पिवळा रस्सा घातला.

"हे काय, उकडलेले उंदीर?"

"गपगुमान खा. की पलीकडे भाड्याची खोली बघू?"

त्याने खाल्ले. नाक मुरडत, पण रोज खाल्ले. हळूहळू माझ्यावरचा भार हलका झाला.

पुढल्या वसंतात सिसेलने अहवाल पाहिला आणि हसली. "गळती कमी झालीय. मूत्रपिंडं टिकून आहेत. कुठं जायची गरज नाही."

हुश्श! मला किती हायसे वाटले म्हणून सांगू! इंगेलिस तर तिथेच रडली.

मित्रांनो, माझ्या झिजलेल्या चाळण्या पुन्हा नव्या होणार नाहीत. पण उरलेल्या सांभाळल्या तर पुष्कळ काम करतील. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल, तर आमची तपासणी करून घ्यायला सांगा. आम्ही आपणहून हाक मारत नाही.

त्या दुपारी थॉर्किल धक्क्यावर गेला. पलीकडे जाणाऱ्या बोटीने भोंगा दिला. त्याने स्वतःच्या पाठीवर दोन्ही बाजूंना हलकेच थोपटले आणि म्हणाला, "शाबास रे पोरांनो!" जन्मात पहिल्यांदाच.

बोट सुटली. आम्ही तिघे धक्क्यावरच राहिलो.