न दुखणारं दुखणं

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. मी म्हणजे जाड पत्र्याची, काचेच्या दाराची एक उबदार पेटी. कारखान्यात माझ्या पोटात गरम होणाऱ्या तारा बसवल्या आणि माझी रवानगी एका प्रसूतिगृहाच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे गरोदर बायकांच्या लघवीचा थेंब चपट्या बशीतल्या, जंतूंना पोसणाऱ्या घट्ट थरावर पसरून ती बशी माझ्यात ठेवत. लघवीत जंतू असले, तर माझ्या उबेत ते वाढत आणि सकाळी त्यांचे ठिपके दिसत. लपलेला चोर पकडून देतो, म्हणून माझे फार कौतुक होई.

मला एक शिंपीण आठवते. तिचे पहिले बाळ सातव्या महिन्यातच जन्मले आणि जगले नाही. दुसऱ्या खेपेला ती सासूबाईंसोबत आली, तेव्हा ठणठणीत होती. नेहमीची तपासणी म्हणून तिचाही नमुना माझ्याकडे आला. सकाळी पाहतात तो बशीभर ठिपके! खात्रीसाठी पुन्हा नमुना घेतला, तोही तसाच.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना प्रयोगशाळेत बोलावून बशी दाखवली.

“अहो, हिला ना जळजळ, ना ताप,” सासूबाई म्हणाल्या. “दुखत नाही, खुपत नाही, मग पोटुशीला औषधं कशाला?”

“बाळाला चालेल असंच औषध देतेय, आजी. हे जंतू गुपचूप मूत्रपिंडापर्यंत चढले, तर ताप भरेल. कळा वेळेआधी सुरू होऊ शकतील.”

शिंपिणीने विचारले, “मागच्या वेळी यामुळंच झालं का?”

“ते आता कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तुझी चूक नव्हती, एवढं नक्की.”

औषध झाल्यावरच्या तपासणीत पुन्हा ठिपके उठले. सासूबाईंनीच कबूल केले, “गोळ्यांनी हिला मळमळायचं. मीच म्हटलं, बरी आहेस, आता पुरे कर.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी औषध बदलून दिले. या वेळी म्हणे सासूबाई स्वतः पाण्याचा पेला घेऊन शिवणयंत्रापाशी उभ्या राहत आणि गोळी गिळेपर्यंत हलत नसत. पुढची बशी स्वच्छ निघाली. त्यानंतरच्याही.

दिवस भरून मुलगी झाली. तिचा टाहो प्रयोगशाळेपर्यंत ऐकू आला. सासूबाई नातीला घेऊन हरखल्या होत्या. शिंपीण मात्र हसता हसता हुंदके देत होती. पहिल्या बाळासाठी तिला मोकळेपणी रडता आले ते त्या दिवशीच.

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. मी जिन्याखाली धूळ खात पडलो आहे. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वहिनी किंवा मावशी गरोदर असेल, तर तिला एकटीने तपासणीला जाऊ देऊ नका. “मला काही होत नाही,” असे ती म्हणेल. तरीही तिच्यासोबत जा.