निळं ग्रीस

शत्रुघ्ननं पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला, पाय रोवले आणि सगळं अंग त्यावर टाकलं. पाइपला बाक आला, क्लच मात्र जागचा हलला नाही. समोर उकिडवा बसलेला गुरुप्रसाद पट्ट्यानं क्लच जखडून होता. दोघांची डोकी एकमेकांवर आपटतील इतकी जवळ होती आणि दोघंही बोलत होते ते आदिलशी. पट्टा सैल पडतोय, असं शत्रुघ्ननं आदिलला हिंदीतून सांगितलं. पट्टा सैल नाही, ओढणाऱ्याच्या अंगात पाणी नाही, असं गुरुप्रसादनं आदिललाच सांगितलं. आदिल पेशावरचा, कामानं रंगारी. दोन कोकण्यांमधली ही टपालकी करून तो पार विटला होता.

कुवेतमधल्या राई या भागातल्या त्या गॅरेजात बर्फावर चालणारी गाडी यावी, हाच मुळात एक विनोद होता. बाहेर उन्हानं डांबर पाघळत होतं आणि आत ही स्नोमोबाइल ऐटीत उभी होती. गॅरेजचा मालक यासिर, त्याच्या दोस्ताची ती. हिवाळ्यात जॉर्जियाच्या डोंगरात धावायची आणि उरलेलं वर्ष कुवेतमध्ये वाळू खात पडायची, कारण दोस्ताचा तिकडच्या मेकॅनिकांवर भरवसा नव्हता. आज दुपारी ती कंटेनरात चढणार होती. पण क्लचमधली स्प्रिंग मोडली होती आणि क्लच उतरल्याखेरीज ती बदलता येत नव्हती.

गुरुप्रसाद इथला फोरमन आणि शत्रुघ्नच्या बायकोचा, सुमनचा, थोरला भाऊ. शत्रुघ्नला कुवेतला त्यानंच आणलं. गावी देवगडच्या खाडीकाठच्या घरात शत्रुघ्न गेला, की गुरुप्रसादला त्याच्यासाठी पाट मांडावा लागे आणि पहिलं पान जावयाचं वाढावं लागे. इथे त्याची भरपाई चालायची. झाडू मारायचा असला, गटार उपसायचं असलं, की फोरमनच्या तोंडी नाव जावयाचं. आणि हाक मारायची ती मात्र न चुकता ‘भावोजी’ अशी, चारचौघांत, गोडीनं. ते ऐकून शत्रुघ्नचं रक्त उकळायचं.

म्हणूनच त्यानं कुवेतमधल्याच एगैलातली दुसरी नोकरी गुपचूप शोधली. तिथली कंपनी फॅमिली व्हिसा देत होती. यासिरकडे तो कुणालाच मिळत नव्हता. इतकी वर्षं फोरमन असूनही गुरुप्रसादनं स्वतःच्या बायकोला कुवेत दाखवलं नव्हतं. शत्रुघ्नला यासिरनं सोडलं, म्हणजे रिलीज दिला, तर सुमन आणि पाच वर्षांची स्वरा इथे येऊ शकत होत्या. सुमननं बॅगसुद्धा घेऊन ठेवली होती. पण आपल्याला न विचारता हा परस्पर मालकाकडे गेला, हे गुरुप्रसादला फार लागलं. त्या दिवसापासून दोघांचा अबोला.

आज सकाळी क्लच निघेना तेव्हा यासिरनं विचारलं, गेल्या वर्षी हा बसवला कोणी? गुरुप्रसादनं डोळ्याची पापणीही न हलवता शत्रुघ्नकडे बोट केलं. शत्रुघ्ननं नाही म्हटलं. त्यानं फक्त गाडीचा ड्राइव्ह बेल्ट बदलला होता, क्लच बसवला होता गुरुप्रसादनं. पण फोरमनच्या शब्दापुढे त्याचा शब्द कोण धरणार? यासिर एवढंच म्हणाला, की गाडी राहिली तर रिलीजचं नाव काढायचं नाही.

"आदिल, गॅस ला," शत्रुघ्न म्हणाला.

क्लचच्या बुंध्यावर त्यानं निळी ज्योत फिरवली. तेल जळल्याचा वास सुटला. क्लच ओढून काढणाऱ्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका घातला, पुन्हा पाइप ओढला, पुन्हा ठोका. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. चौथ्या की पाचव्या खेपेला बंदुकीसारखा आवाज झाला. क्लच सुटला आणि पट्ट्यासकट गुरुप्रसाद मागे फरशीवर बसला. आदिल हसला, आणि कुणीच हसत नाही हे पाहून थांबला.

शत्रुघ्न शाफ्टकडे पाहत राहिला. शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि क्लच त्यावर कोरडाच बसवायचा असतो. तिथे तेलाचं बोट जरी लागलं तरी तो हवं त्यापेक्षा आत सरकतो आणि अडकून बसतो. या शाफ्टच्या मुळाशी, जिथे ज्योतीची धग पोहोचली नव्हती, तिथे ग्रीसचा जाड थर होता. निळ्या ग्रीसचा.

सगळ्या राईत हे ग्रीस एकटा गुरुप्रसाद वापरायचा. होडीवाल्यांच्या घरात वाढलेला माणूस. खारा वारा लोखंड खातो, म्हणून त्यांच्याकडे पावसाळ्याआधी घरातल्या झाडून सगळ्या लोखंडाला काही ना काही फासतात. सुमनही अडाळ्याला, म्हणजे विळीला, तेल चोपडून ठेवायची आणि पुढे आठ दिवस भाजीला वास यायचा. गुरुप्रसाद इथेही बंदरावरच्या दुकानातून होडीच्या इंजिनाचं निळं ग्रीस आणायचा आणि पाने, पेट्या, बिजागऱ्या, दिसेल त्याला फासायचा. यासिरचा पांढराशुभ्र पायघोळ अंगरखा, दिशदाशा, त्याच्या पेटीला घासून एकदा निळा झाला होता. त्यावरून झालेला तमाशा गॅरेजात अजून कुणी विसरलं नव्हतं.

गुरुप्रसाद फरशीवरून उठला. त्यानं शाफ्ट पाहिला, मग ऑफिसच्या काचेकडे पाहिलं. आत यासिर फोनवर होता.

"भावोजी," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी तो थेट बोलत होता, आणि या वेळी शब्दात गोडी नव्हती. "फडको तुमच्या हातात आसा. पुसा ता."

शत्रुघ्नच्या हातात खरंच फडकं होतं. एक हात फिरवला असता तर शाफ्ट लख्ख झाला असता, स्प्रिंग बदलली असती, गाडी कंटेनरात गेली असती. गुरुप्रसाद वाट पाहत होता. मान जरा खाली होती, पहिलं पान वाढताना असायची तशीच. शत्रुघ्नला त्याची दया आली नाही. झाडू आठवला, गटार आठवलं, सकाळचं ते बोट आठवलं.

"पुसू कित्याक?" तो म्हणाला. "बघूंदेत मालकाक."

त्यानं फडकं घडी करून खिशात घातलं आणि ऑफिसच्या काचेवर टकटक केली.

यासिर आला. त्याला सांगावं काहीच लागलं नाही. तो वाकला, बोटानं ग्रीस उचललं, अंगठ्यावर चोळून पाहिलं आणि गुरुप्रसादच्या पेटीकडे नजर टाकली. आवाज त्यानं चढवला नाही. खलास, सामान बांध आणि आपल्या देशात जा, एवढं त्यानं गुरुप्रसादला हिंदीत सांगितलं. कमरेची किल्ल्यांची जुडी सोडून गुरुप्रसादनं मालकाच्या हातात दिली.

शत्रुघ्नची छाती फुगली. जिंकल्यासारखं वाटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. हीच वेळ आहे, असं वाटून तो पुढे झाला आणि गाडी दुपारच्या आत तयार होईल, माझ्या रिलीजवर आजच सही करा, असं यासिरला म्हणाला.

यासिरनं ती जुडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्याची बोटं मिटवली.

"रिलीज किसका?" तो मायेनं म्हणाला. "ये गया. अब तुम फोरमन. फोरमन को मैं कैसे छोडेगा?"

तो फोन कानाला लावून ऑफिसात परतला. जुडी हातात चिकटत होती. किल्ल्यांनाही ग्रीस होतंच.

गुरुप्रसादनं पेटीचं झाकण लावलं, ती उचलून खांद्यावर घेतली आणि दाराशी थांबला.

"सुमनाक मीच सांगतंय," तो म्हणाला. "तुझो घोव फोरमन झालो म्हणान."

दार उघडलं तशी बाहेरची झळ आत आली. आदिल काही बोलेल म्हणून शत्रुघ्ननं त्याच्याकडे पाहिलं, पण त्याच्याकडे आता कुणाचाच निरोप नव्हता. शत्रुघ्न गाडीपाशी बसला, खिशातलं फडकं काढलं आणि शाफ्ट पुसायला लागला.