वीतभर पाणी

मित्रांनो, मी बांबूचं एक जुनं ओगराळं आहे. क्योतोच्या एका अरुंद गल्लीत, फुसाएआजींच्या दाराशी, बादलीत माझा मुक्काम असतो. दांडा दोनदा बदलला, काठाला चीर गेली, पण माझा तोरा काही कमी झाला नाही. का व्हावा? उन्हाळ्यात रोज संध्याकाळी आजी माझ्याकडून दारापुढे पाणी शिंपडून घेतात. तापलेली गल्ली निवते. येणारे-जाणारे म्हणतात, "वा, बरं वाटलं!"

आमच्या गल्लीची एक रीत आहे. आपल्या दारापुढे शिंपडून झालं की शेजाऱ्याच्या हद्दीतही वीतभर शिंपडायचं. जास्त शिंपडलं तर आगाऊपणा आणि कमी शिंपडलं तर माणूसघाणेपणा! शेजारचे कियोत्सुगु ही रीत कधी चुकवत नसत. नेमकी त्याच हद्दीवर, भिंतीलगतच्या मातीत, आजींची गारवेल होती. पहाटे फिकट विटकरी फुलं उमलायची आणि दुपारी मिटायची. तिचं बी आजींच्या थोरल्या बहिणीनं, वारलेल्या तोकिवाताईंनी दिलेलं. दोन वर्षांपूर्वी बी जेमतेम धरलं होतं आणि ते सगळं गेल्या वर्षी पेरलं होतं. वेल गेली असती तर ताईंचं फूलच संपलं असतं.

आणि जुलैत वेलीच्या खालच्या पानांवर तपकिरी डाग पडले. भोवती पिवळी कड. पानं गळायला लागली, डाग वर सरकायला लागले.

"काय फुसाएसान, वेलीला देवी आल्या वाटतं!" कियोत्सुगु म्हणाले.

"तुमच्या जिभेला काही हाड? इथे माझा जीव टांगणीला लागलाय!"

वेल उन्हानं कोमेजतेय असं समजून आजींनी पाणी वाढवलं. मीही जोमानं शिंपडलं. डागही जोमानं वाढले. हाय रे माझं शहाणपण!

एका सकाळी कियोत्सुगु वेलीपाशी उकिडवे बसले आणि भिंत न्याहाळू लागले. मग म्हणाले, "ही भिंत बघा. चिखलाचे शिंतोडे गुडघ्यापर्यंत आहेत. आणि डागांची सुरुवातही तिथूनच. गळलेल्या पानांतला रोग पाण्याबरोबर उडतोय."

"अगंबाई! म्हणजे मीच?"

"तुम्ही त्या बाजूनं आणि मी या बाजूनं. रोज वीतभर, अगदी न चुकता."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजींनी डागाळलेली पानं कात्रीनं काढली, खाली पडलेलीही वेचली आणि पिशवीत बांधून कचऱ्यात दिली. बुंध्याशी भाताचा पेंढा अंथरला. मग म्हणाल्या, "कियोत्सुगुसान, उद्यापासून वीतभर अलीकडेच थांबा."

"लोक म्हणतील, आपलं भांडण झालं."

"म्हणू देत. मीसुद्धा थांबणार आहे."

दोन घरांमधली ती पट्टी उन्हाळाभर कोरडी राहिली. गल्लीत कुजबुज झालीच. पण नवी पानं स्वच्छ आली, फुलं आली, आणि शरद ऋतूत बोंडं वाळून काळंभोर बी हाती आलं. आजींनी कागदाच्या पुड्या बांधल्या. पहिली कियोत्सुगुंच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "आमच्या ताईला तुमच्याही भिंतीवर चढू द्या." त्यांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली.

आता नवा उन्हाळा आहे, वेल पुन्हा उगवली आहे आणि मी सुखात आहे. रोज सकाळी आजी दुखरे गुडघे वाकवून मला पार पेंढ्यापर्यंत खाली नेतात आणि हळूच तिरकं करतात. पाणी मुळाशी जातं, पानाला थेंबही लागत नाही. तुमच्याही दारी एखादी वेल असेल, मित्रांनो, तर उभ्यानं पाणी फेकू नका. थोडं वाका.