न्यायलाच ठेवलेला डबा

मित्रांनो, मी काचेच्या आतून बोलतो आहे, त्यामुळे आवाज थोडा दबका येईल. जरा जवळ या. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. वीतभर लांब, चार बोटं उंच, झाकणाला एक पोचा. माझ्यापुढे एक पितळी पट्टी बसवली आहे आणि तिच्यावर कोरलं आहे, 'सेवेचे प्रतीक'. येणारेजाणारे ती वाचतात, मान डोलावतात आणि पंखा कुठे आहे ते शोधू लागतात. मला मात्र ती पट्टी मुळीच पटत नाही. मी प्रतीक वगैरे कधीच नव्हतो हो! मी साधा कामाचा डबा होतो.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्राच्या दोन दणक्यांत मी पत्र्याचा डबा झालो आणि पोटात लिमलेटच्या गोळ्या भरून दुकानात आलो. एका शिंप्याने मला आपल्या मुलीसाठी विकत घेतलं. तिने दोन दिवसांत गोळ्यांचा फडशा पाडला. मग शिंपीकाकांनी मला धुऊन पुसून माझ्यात बटणं ठेवली. बारा वर्षं मी त्यांच्या मशीनशेजारी होतो. दिवस सुखाचे होते, पण खरं सांगू का, बटणं ही काही फारशी बोलकी मंडळी नव्हेत.

काकांना पन्नाशी लागली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चांगलाच दम भरला. "दिवसभर वाकून बसता. असंच चाललं तर एक दिवस सरळ उभंच राहता येणार नाही. धावायला लागा." काका दुसऱ्या आठवड्यात तलावाकाठच्या वाटेवर हजर झाले. उशीर का, तर धावायची चड्डी त्यांनी स्वतः शिवली, आणि शिंप्याचाच हात तो, तिला सहा खिसे ठेवले. खिशांत सुईदोरा, छोटी कात्री, पिना, चिकटपट्ट्या. लोक हसायचे, असं काका दुकानात सांगायचे. "काका, धावायला निघालात की दुकान हलवताय?"

बाकीचे धावणारे आपापलं घड्याळ बघत धावायचे. काका दुसऱ्यांच्या शिवणी बघत धावायचे. कोणाचा शर्ट काखेत काचतो, कोणाचा नाडा सुटायला आला आहे, सगळं त्यांना मागून दिसायचं. आणि ते नेहमी मागेच असायचे. एकदा पुढे धावणारी एक बाई सारखी मान खाजवत होती. ती दवाखान्यात नर्स होती. काकांनी धापा टाकत तिला गाठलं.

"ताई, अर्धा मिनिट उभ्या राहा. मान हलवू नका."

त्यांनी कात्री काढली आणि तिच्या शर्टाच्या गळ्यातलं टोचरं लेबल अलगद कापून टाकलं. नर्सताईंनी मानेवरून हात फिरवला आणि त्यांना हसू आवरेना. "अहो काका, महिनाभर मी मानेला मलम चोळतेय!" तेव्हापासून तलावाकाठच्या निम्म्या लोकांची लेबलं काकांनी कापली असतील.

पण अडचण अशी की, ज्याला गरज असायची तो काकांच्या फार पुढे निघून गेलेला असायचा. म्हणून एका सकाळी काकांनी बटणं बरणीत ओतली, मला दोन भोकं पाडली आणि तलावाच्या चौथ्या वळणावर कठड्याला तारेने बांधलं. ही जागा मुद्दाम निवडलेली. तिथून मागे फिरायचं म्हटलं तरी तेवढंच अंतर आणि पुढे जायचं म्हटलं तरी तेवढंच. माणूस हातपाय गाळतो तो इथेच.

मित्रांनो, माझे खरे दिवस तिथे सुरू झाले. माझ्यात पिना, चिकटपट्ट्या, बुटांच्या नाड्या, केसांचे रबर, पायात गोळे आले तर चाटायला मिठाच्या पुड्या असायच्या. कुलूप नव्हतं. रीत मात्र होती, आणि ती कोणी लिहून ठेवलेली नव्हती. हवं ते घ्यायचं, कोणाला सांगायचं नाही. पुढे कधीतरी आपल्याकडचं काहीतरी आणून ठेवायचं. तेच परत आणायचं असा हट्ट नाही. टपाल कचेरीत एक कारकून होते, चाल संथ पण रोज न चुकता पोचायचे, म्हणून त्यांना सगळे मालगाडी म्हणायचे. त्यांनी फोडासाठी चिकटपट्टी नेली आणि दुसऱ्या दिवशी कंगवा आणून ठेवला.

"पट्टीच्या बदल्यात कंगवा?" नर्सताईंनी विचारलं.

"माझ्या डोक्यावर आता काय उरलंय? कोणाच्या तरी उपयोगाला येईल," मालगाडी म्हणाले. आणि आला की! पावसात भिजून थेट कामावर जाणाऱ्या एका मुलीने तो नेला.

एकदा एक उंच माणूस माझ्याजवळ येऊन मटकन बसला. आता पुढे जाणं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्याने सहज माझं झाकण उघडलं. आत नर्सताईंच्या हातची चिठ्ठी होती. 'पुढच्या मोठ्या झाडापर्यंत नुसतं चाला. धावायचं की नाही ते तिथे ठरवा.' तो बराच वेळ ती वाचत राहिला. मग उठला, चिठ्ठी घडी करून जशीच्या तशी आत ठेवली आणि चालू लागला. झाडाशी पोचल्यावर तो धावला. त्या दिवशी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! चिठ्ठी माझी नव्हती, पण पोट तर माझं होतं.

काळ कोणासाठी थांबतो? काकांची नजर कमी होऊ लागली. आधी ते धावायचे थांबले. मग कठड्याला हात लावत लावत चालत येऊ लागले आणि चाचपून पाहायचे की माझ्यात काय संपलं आहे. नाड्या बोटांनी मोजायचे. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते काही लाभलं नाही, आणि काका येईनासे झाले. पाच महिने माझी काळजी नर्सताईंनी आणि मालगाडींनी घेतली.

मग धावणाऱ्यांच्या मंडळाचे सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे आले. माणूस वाईट नाही हो, उलट फार हळवा. माझ्यावरचा गंज पाहून त्यांना भरून आलं. "हा आपला ठेवा आहे. इथे ऊनपावसात सडतोय," असं म्हणून त्यांनी तार कापली. मला घासलं, रंगवलं, रिकामं केलं आणि मंडळाच्या खोलीत या काचेच्या कपाटात बसवलं. कपाटाला कुलूप घातलं. प्रेमाने केलं सगळं, म्हणून रागावताही येत नाही.

मागच्या रविवारी काकांचा सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी ते कायमचे मुलीकडे राहायला परगावी जाणार होते. खोली माणसांनी भरली होती. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. काका खुर्चीत अवघडून बसले होते. शेवटी म्हणाले, "मला जरा माझा डबा देता?"

सेक्रेटरीसाहेबांनी कपाट उघडून मला त्यांच्या हातात दिलं. किती दिवसांनी ती बोटं! सुयांनी खडबडीत झालेली, माझा पोचासुद्धा ओळखणारी. त्यांनी मला कानाशी नेऊन हलवलं. मी काय वाजणार? काकांचा चेहरा उतरला.

"हा रिकामा का?"

"काका, आता तो इथेच असतो. सुरक्षित," सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

"आणि वळणावर काय आहे?"

"वळणावर काही नाही, काका," नर्सताई हळूच म्हणाल्या.

"मग परत लावा ना तिथे."

"अहो, कोणीतरी चोरून नेईल!"

"नेऊ दे की," काका म्हणाले. "न्यायलाच ठेवला होता."

पुढच्या बैठकीत विषय घेऊ, असं सेक्रेटरीसाहेब म्हणाले. काकांनी वाद घातला नाही. ते वाकले, उजव्या बुटाची नाडी सोडली, सगळ्या भोकांतून ओढून काढली, बोटांवर नीट गुंडाळली आणि माझ्यात ठेवून झाकण लावलं. "माझं धावणं झालं," एवढंच म्हणाले. मग नर्सताईंचा हात धरून, एक बूट फटक फटक वाजवत ते बाहेर गेले. तो आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी ऐकला. मला पुन्हा कपाटात ठेवलं गेलं आणि कुलूप लागलं.

मित्रांनो, समोरच्या खिडकीतून मला तलावाची वाट दिसते. रोज सकाळी तिथून पावलं जातात आणि माझा जीव तिकडे ओढ घेतो. बैठक अजून झालेली नाही. आज सकाळी एक अनोळखी मुलगी त्या वाटेच्या कडेला बसली होती. तिच्या बुटाची नाडी तुटली होती. तिने दोन तुकड्यांना गाठ मारून पाहिली, ती पुरली नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी पुरली नाही. मग बूट हातात घेऊन ती तशीच लंगडत परत गेली. माझ्या पोटात एक अख्खी नाडी आहे. आमच्यामध्ये एक काच होती आणि एक खिडकी.

चांगल्या वस्तूला जपा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. जरूर जपा. पण जपणं म्हणजे कुलपात घालणं नव्हे, एवढं माझ्याकडे बघून लक्षात ठेवा. मला गंज चालेल, पोचे चालतील, एखाद्या दिवशी कोणी मला उचलून नेलं तरी चालेल. हे रिकामं बसणं मात्र सोसवत नाही.

तुमच्यापैकी कोणी उद्या इकडे येणार असेल, तर सांगून ठेवतो. किल्ली सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलाच्या डाव्या खणात आहे, आणि तो खण ते कधीच लावत नाहीत.